हुसेनमामांची धाकटी आणि थोरली

मोटार सुरू करण्याआधी हुसेनमामा तिच्या पाठीवरच्या पिंपावर बोटाच्या पेरानं टकटक करत आणि विचारत, "काय थोरल्या बाई, उठल्या का?" पिंप उत्तरादाखल धुराची एक गुळणी टाकी. मामा खोकत खोकत म्हणत, "उठल्या. पर राग हाय."

ते लढाईचे दिवस. आमच्याकडे अंमल निजामाचा, आणि पेट्रोल मिळायचं कुपनावर, तेही अत्तरासारखं. म्हणून बीडच्या एका वकीलसाहेबांनी आपल्या मोटारीच्या मागे न्हाणीतल्या बंबासारखं भलंमोठं पिंप बसवून घेतलं होतं. त्यात बाभळीचा कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवायचा आणि निघालेल्या गॅसवर मोटार हाकायची. मात्र थंड इंजिन गॅसवर जागं होत नसे, आणि चढावर गॅसचा दम पुरत नसे. तेवढ्यापुरतं पेट्रोल. एक खुंटी ओढली की गॅस, आत ढकलली की पेट्रोल. हुसेनमामा या मोटारीचे ड्रायव्हर, मिस्त्री आणि, त्यांच्याच शब्दांत, "दोन बायकांचा दादला".

"बापू," ते मला समजावत, "पेट्रोल म्हंजी धाकटी. लाडाची, नखऱ्याची, नुसता इशारा केला की पळती. गॅस म्हंजी थोरली. काळी, फुरंगटलेली, पर समदा संसार तिच्यावर. धाकटी उठवती, थोरली चालवती." मामांचं स्वतःचं लग्न एकदाच झालेलं, आणि त्या एकीपुढेही त्यांचा आवाज फुटत नसे, ही गोष्ट निराळी.

थोरलीची बडदास्त मोठी. कोळसा आवळ्याएवढाच हवा; मामा तो तांदळासारखा निवडत. ओलसर तुकडा सापडला की कोळसा विकणाऱ्याला म्हणत, "पाणी पाजून आणलाय का बे?" दर काही कोसांवर गाडी थांबवून गॅस गाळायची कापडी पिशवी झटकायची. झटकून परतलेल्या मामांचे फक्त डोळे आणि दात ओळखीचे वाटत.

माझं लग्न ठरलं आणि वकीलसाहेबांनी मोठ्या मनानं ही मोटार मामांसकट वरातीपुरती दिली. सासर मांजरसुंब्याच्या घाटमाथ्याला लागून असलेल्या वाडीत. मुहूर्त गोरजाचा. आणि मुलीचे मामा असे कडक, की उशिरा आला म्हणून पहिल्या नवरदेवाला त्यांनी मांडवाच्या दारातून परत धाडलेलं. म्हणजे मी दुसरा. तिसराही त्यांनी हेरून ठेवलाय, असं आमच्या आत्याच्या कानावर आलं होतं. आत्या हे मला दर अर्ध्या तासानं सांगत होती.

माझी नोकरी तहसिलीत कारकुनाची, ऐट मात्र तालुकदाराची. लग्नासाठी खास शेरवानी शिवलेली. घाटाच्या अलीकडे मामा पिशवी झटकायला थांबले. मी झाडाखाली विडा खाल्ला आणि रुबाबात मान वळवून थुंकलो. वारा समोरचा होता. छातीवर लालभडक डाग! पेट्रोलनं डाग जातो, असं कुठल्याशा शिंप्यानं सांगितलेलं आठवलं. सीटखाली मामांची सरबताची बाटली असे, घाटासाठी राखलेल्या पेट्रोलची. म्हटलं, चार थेंब घेऊ. चाराचे चाळीस झाले, मग बाटलीच संपली. डाग गेला नाही. पसरून निजामाच्या मुलखाएवढा झाला. मी बूच लावून बाटली जागेवर ठेवली आणि उपरणं छातीवर ओढून घेतलं.

पहिल्याच चढाला थोरलीनं धापा टाकल्या. मामांनी सीटखाली हात घातला, बाटली वर काढली, उजेडात धरली. मग माझ्याकडे झुकून एक दीर्घ श्वास घेतला.

"नवरदेव," ते हळूच म्हणाले, "तुमच्या अंगाला माझ्या घाटाचा वास येतोय."

मागून आत्या ओरडली, "काय झालं ओ? कावून थांबलात?"

मामांनी बाटली सीटखाली सरकवली. "माझ्या हातून सांडलं, आत्याबाई. म्हातारा झालो." एवढं बोलून त्यांनी इंजिन बंद पडू न देता गाडी उलटी फिरवली. "पुढं तोंड करून चढत न्हाई ती पाठ करून चढती. रिवसला जोर लई. उतरा समदे! बापू, तुमी पंखा फिरवा. थांबलात तर ही विझल, आन् उठवायला आता धाकटी न्हाई."

अशी आमची वरात निघाली. गाडी उलटी चढतेय, मामा मान मोडून मागे बघताहेत, आणि पिंपाशेजारी मी, मुंडावळ्या दातांत धरून, पळत पळत पंखा फिरवतोय. आत्या मागून सूर्याकडे बोट दाखवून हाका मारत होती. माथ्यावर पाहुण्यांच्या बैलगाड्यांची एवढी दाटी, की गाडी वळवायलाही जागा नाही. मांडवाच्या दारात सासरची माणसं आरती घेऊन उभी. त्यांच्यासमोर आधी धुराचं पिंप आलं, मग मी, पिंपापेक्षा काळा. सूर्य टेकायला दोन बोटं बाकी होती. मुलीच्या मामांनी सूर्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नाइलाजानं म्हणाले, "वेळेवर आहे."

पेट्रोल सांडल्याबद्दल वकीलसाहेबांनी मामांना चार लोकांत बोल लावला. मी तिथंच होतो. मामांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि मीही. तोंड उघडायचं धैर्य मला तेव्हा झालं नाही. पुढेही झालं नाही.

वर्षं गेली. लढाई संपली, निजाम गेला, पिंप भंगारात गेलं. मामा नांदूरघाटला लेकाकडे अंथरुणाला खिळलेत असं कळलं, तेव्हा भेटायला गेलो. डोळे अधू झालेले. माझा आवाज ऐकताच त्यांनी चाचपडत माझी बाही धरली, नाकाशी नेली आणि हसले.

"आज घाट न्हाई आणला, बापू?"

आठवड्यानं ते गेले. त्या रात्री बायकोला मी सगळं सांगून टाकलं: शेरवानी, बाटली, मामांनी अंगावर घेतलेला बोल. वाटलं, थक्क होईल. ती डोळे पुसत म्हणाली, "मामा देवमाणूस. पण तुम्ही मला आज काय सांगताय? अंतरपाट तोंड झाकतो, अहो. वास नाही झाकत."