गायकवाडांची गाडी मी पुरी केली

सकाळी पावणेसातला फोन वाजला तेव्हा मी दाढी करत होतो. विश्रांतवाडीहून गायकवाडांच्या शेजारच्या कांबळे वहिनी बोलत होत्या. "आगाशे काका, लगेच या. दूधवाला केव्हाचा बेल वाजवतोय, गायकवाड बाबा दार उघडत नाहीत." तोंडावरचा साबण तसाच पुसला आणि निघालो. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असे. जिथे आपलं काही काम नाही तिथली किल्ली जवळ बाळगायची मला भारी हौस. दार उघडलं... गायकवाड खुर्चीत बसले होते. आंघोळ झालेली, धुतलेला पांढरा शर्ट, शेजारी स्टुलावर टेलिफोन. डॉक्टर म्हणाले, जाऊन तास-दीड तास झाला असेल. वार रविवार होता. आठ वाजता वाजला तर वाजणाऱ्या फोनसाठी माणूस पाचला उठून तयार होऊन बसला होता.

याला आता सहा आठवडे झाले. पुरवणीवाले म्हणाले, मित्राविषयी लिहा. मी आधी साफ नाही म्हटलं. गेलेल्या माणसाच्या चांगुलपणाची यादी करणारे लेख मला वाचवत नाहीत; यादी वाण्याकडे द्यावी. पण रात्रंदिवस डोक्यात एकच गोष्ट फिरतेय आणि घरात सांगून सांगून आता बायकोही उठून आत जाते. म्हणून इथे सांगतो.

आम्ही दोघं तेवीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो. मी ग्राइंडिंगवर, ते फिटरच्या बेंचवर. शेजारी उभं राहून इतकी वर्षं काढली, पण शेवटपर्यंत 'अहो गायकवाड' आणि 'अहो आगाशे'. त्यांचा हात असा की कानशीने घासलेला पत्रा माझ्या मशीनवर आणला तर मशीनला लाज वाटावी. आमच्या टूलरूमचा एक रिवाज होता. कुणी आजारी पडला की त्याचा अर्धवट जॉब बाकीच्यांनी पुरा करायचा, तेल लावून पुसायचा, त्याच्या बेंचवर ठेवायचा आणि वर स्वच्छ फडकं टाकायचं. माणूस कामावर परत आला की फडकं उचलून बघायचा, काही बोलायचा नाही, दुपारी सगळ्यांना चहा सांगायचा. आभार वगैरे मानले तर उलट लोक चिडायचे. मला काविळीने दोन महिने झोपवलं तेव्हा माझी पूर्ण डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, गायकवाडांनी त्यांची शिफ्ट संपल्यावर थांबून केली होती. हा रिवाज मी इतक्या तपशिलाने का सांगतोय ते पुढे कळेल. याच रिवाजाने घात केला. छे... रिवाजाने कसला, मी केला.

गायकवाडांना एकच मुलगी, सुजाता. ती आठवीत असताना तिची आई गेली आणि त्या दोन खोल्यांच्या बैठ्या घरात बाप-लेक दोघंच उरले. गायकवाडांचे वडील दीक्षा घेतलेल्या पिढीतले. पोरांना शिकवा, साहेब करा, हा एकच धोशा. गायकवाड स्वतः साहेब झाले नाहीत, पण मुलगी क्लास वन अधिकारी होणार हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. खडकीला लष्कराच्या लिलावात निघालेली साडेतीनशे सीसीची एक विलायती मोटरसायकल त्यांनी तरुणपणी घेतली होती. सुजाताला टाकीवर बसवून ते शाळेत सोडायचे, आणि ती पोरगी सहावीत असल्यापासून कुठल्या नटाला कुठला पाना लागतो ते ओळखायची. पुढे इंजिन जाम झालं आणि गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मेणकापडाखाली गेली. सुजाता मेकॅनिकल इंजिनिअर झाली. तेव्हा पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटरची लागण झाली होती, तशी तिलाही झाली. अधिकाऱ्याची परीक्षा राहिली बाजूला, पोरगी अमेरिकेला गेली, आणि वर्षभराने तिकडून एक पत्र आलं. सोबत फोटो. ऑफिसातल्या मुलाशी लग्न केलं होतं.

"मुलगा चांगला असेलही हो," गायकवाड मला म्हणाले. "पण आधी सांगायला तिला तोंड नव्हतं का?"

त्यांनी पत्राला उत्तर दिलं नाही. तीही हट्टी, त्यांचीच मुलगी. तिने पुन्हा लिहिलं नाही. दोन वर्षं दोघांत एक शब्द नाही.

मग कारखान्यात स्वेच्छानिवृत्ती आली. तिच्यात स्वेच्छा कितपत असते ते ज्यांनी घेतलीय त्यांना विचारा. नवीन कॉम्प्युटरवरची मशीनं आली आणि आम्ही सगळे एका महिन्यात घरी. गायकवाड पंधरा दिवस नुसते भिंतीकडे बघत बसले. सोळाव्या दिवशी गेलो तर शेडमध्ये मेणकापड बाजूला आणि गाडी उघडलेली. मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन मी सुजाताला पत्र लिहिलं, त्यांना न विचारता. 'तुझ्या वडिलांनी गाडी काढलीय. पिस्टन जाम आहे. तुला कळावं म्हणून.' बस, एवढंच.

एका रविवारी सकाळी आठला त्यांच्याकडे फोन वाजला, तेव्हा मी चहा पीत होतो. गायकवाडांनी रिसीव्हर कानाला लावला. सुजाता होती. मला इकडचंच बोलणं ऐकू येत होतं. "नाही... नाही सुटला... हो, रॉकेल ओतून ठेवलंय, चार दिवस झाले... डिझेल म्हणतेस? ... बरं, बघतो." कशी आहेस नाही, जावई कसा आहे नाही, माफ केलं नाही आणि माफी मागितलीही नाही. फोन ठेवला आणि हातातल्या, तेल पुसायच्या सुताच्या बोळ्यानेच त्यांनी डोळे पुसले. दोन्ही गालांवर ऑइलचे पट्टे. मी हसलो, तेही हसले. पिस्टन त्याच दुपारी सुटला. मी तिथेच होतो, मी स्वतः पकडला होता. आणि पुढच्या रविवारी ते तिला सांगत होते, "अजून जरा अडकतोय गं." मला वाटलं, म्हातारा विसरायला लागला. इतका मी ठोंब्या!

अशी सहा वर्षं गेली. ज्या माणसाला हे काम दोन महिन्यांचं, तो सहा वर्षं करत होता. सुजाताने तिकडून चित्रं पाठवली, हँडल जरा खाली घ्या, सीट स्प्रिंगची करा, मडगार्ड कापून आखूड करा. मूळ गाडीचं रूपच दोघं मिळून बदलत होते. गायकवाडांनी हँडलचा पाइप तीनदा वाकवला आणि तीनदा 'जमलं नाही' म्हणून तिला कळवलं. पहिलाच इतका देखणा होता की मी घरी नेऊन भिंतीला टांगला असता. रंगावरून तर वर्षभर वाद. मुलगी म्हणे मरून, बाप म्हणे काळा. दर रविवारी तेच, आणि दोघंही हरायला तयार नाहीत.

"अहो गायकवाड," मी म्हणायचो, "शहाजहानने यापेक्षा लवकर उरकलं."

"त्याच्याकडे माणसं जास्त होती," ते म्हणायचे, आणि तोच कार्ब्युरेटर पुन्हा पुसायला घ्यायचे.

मला त्या अर्धवट गाडीचा अक्षरशः त्रास व्हायचा. जेवताना आठवायची. टूलरूमच्या माणसाला सुटे भाग बघवत नाहीत, खाज सुटते.

मग गेल्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला. दवाखान्यात पलंगावरून त्यांनी माझं मनगट धरलं. "सुजाताला कळवायचं नाही. बिचारी धावत येईल, नोकरी जाईल तिची. शब्द द्या." मी दिला. आयुष्यात मी कधी शब्द मोडला नाही, तोही मोडला नाही. तो मोडायला हवा होता. एका रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन तिचा फोन घेतला आणि सांगितलं, बाबा वाघोलीला लग्नाला गेलेत. धडधडीत खोटं बोललो, आणि आपण मैत्री निभावतोय म्हणून छाती फुगवून बाहेर आलो.

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. किल्ली माझ्याकडे, माणूस दवाखान्यात, जॉब बेंचवर. दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. अकरा दिवस मी त्या शेडमध्ये राबलो. वायरिंग केलं, पॉइंट लावले, सायलेन्सर बसवला, टाकी आणि मडगार्ड पेंटरकडून काळी करून आणली. बाराव्या दिवशी तिसऱ्या किकला गाडी धडधडली तेव्हा मी, साठी उलटलेला माणूस, शेडमध्ये एकटा टाळ्या वाजवत होतो. तेलाचा हात दिला, पुसली, वर पांढरं फडकं टाकलं.

गायकवाड घरी आले तो शनिवार होता. त्यांनी फडकं उचललं. गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारली. टाकीवरून अंगठा फिरवला.

"काळा केलात."

"मग! तुम्हाला काळाच हवा होता ना?"

"हो," ते म्हणाले. "पण... ठरलं नव्हतं अजून."

मग रिवाजाप्रमाणे त्यांनी मला चहा पाजला. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली होती, तरी भिंतीला टेकून स्वतः केला. मी तो मिटक्या मारत प्यायलो, देवा.

दुसऱ्या दिवशी आठला फोन वाजला. मीच झडप घातली. "सुजाता, ऐक!" म्हणून रिसीव्हर मागच्या दारापर्यंत ताणून ठेवला, धावत जाऊन किक मारली, रेस दिली. परत आलो आणि रिसीव्हर गायकवाडांच्या हातात दिला. ते म्हणाले, "हो. झाली." रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. मग म्हणाले, "हो... चांगली झाली. बरं. काळजी घे." मिनिटभरही झालं नसेल. पुढच्या रविवारी फोन आला, गाडी कशी आहे, ठीक आहे, संपलं. मग पंधरा दिवसांनी. मग महिन्याने. एका दुपारी मी गेलो तर त्यांनी कार्ब्युरेटर काढून ताटात ठेवलेला. "गळतोय," म्हणाले. मी तपासला. खडखडीत कोरडा. तसं सांगितलंही मी, शहाण्यासारखं! त्या रविवारी त्यांनी स्वतः तिला फोन लावला, आजवर पहिल्यांदाच. "कार्ब्युरेटर गळतोय गं." पलीकडून तिने काय सांगितलं ते त्यांनी फोन ठेवल्यावर मला शब्दाला शब्द ऐकवलं. "म्हणाली, आगाशे काकांना दाखवा ना, त्यांना जमतं सगळं." त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. जेवण कमी झालं. बोलणं तर आधीच कमी होतं. मला वाटायचं, औषधांमुळे असेल.

ते गेल्यावर सुजाता आली ती तिसऱ्या दिवशी, तोवर त्यांना शवागारात ठेवलं होतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पांढऱ्या साड्यांतल्या बायका गेल्या, खुर्च्यावाला खुर्च्या घेऊन गेला. ती शेडमध्ये जाऊन उभी राहिली. मी मागे गेलो. दवाखान्याची फाइल तिला कपाटात सापडली होती, ती हातातच होती. तारखा बघितल्या होत्या तिने.

"म्हणजे बाबा अॅडमिट होते तेव्हा तुम्ही ही पुरी केलीत?"

"हो."

"त्यांनी सांगितलं नव्हतं?"

"नाही गं. मीच आपली..."

ती खाली बसली, तिथेच फरशीवर. "मला वाटलं, बाबांनी मुद्दाम तुमच्याकडून उरकून घेतली. माझा कंटाळा आला, संपवली एकदाची. मी घरी ओरडून ओरडून रडले होते त्या दिवशी, काका. ते खोटं बोलायचे ते मला माहीत होतं. पिस्टन अडकत नाही, हँडल जमत नाही... मला सगळं माहीत होतं. मी पण काळ्याला कधीच हो म्हणणार नव्हते." मग वर बघून म्हणाली, "का केलीत हो?"

मी म्हटलं, "अर्धवट जॉब बघवत नव्हता."

"आम्हा दोघांना बघवत होता," ती म्हणाली.

त्या दोघांना जोडणारा एकच धागा होता, तो मी दोन्ही हातांनी तोडला, आणि वर त्याचा चहा प्यायलो. लोक म्हणतात, आगाशे, वय झालं होतं त्यांचं, हृदय कमजोर होतं. असेल. मला समजूत घालणाऱ्यांचा राग येतो.

सुजाता परत गेली. गाडी नेली नाही, विकूही नका म्हणाली. घराचं काय करायचं ते ठरेपर्यंत फोनही तोडलेला नाही. खिडक्या उघडायला मी रविवारी सकाळी जातो. तीन आठवड्यांपूर्वी मी असाच केर काढत होतो आणि आठला फोन वाजला. वाजणारा फोन काही मला सोडवत नाही. उचलला. दोनदा 'हॅलो' म्हटलं. मग आवाज आला, "काका? तुम्ही का उचललात?"

"अगं, वाजत होता..."

"मला नुसता वाजू द्यायचा होता," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी मी पावणेआठलाच जाऊन बसलो, खुर्चीत नाही, जमिनीवर. आठला फोन वाजला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तो वाजत राहिला, वाजत राहिला... आणि मग थांबला. मी उठलो, खिडक्या लावल्या आणि घरी आलो.