ऐपतीचा दाखला आणि थोरली नणंद

याद्या करायची सवय मला लग्नाआधीपासूनची. भिवंडीत कामतघरला एका लूमच्या कारखान्यात मी दोन्ही शिफ्टची हजेरी लिहायचे. जे कागदावर नाही ते घडलेलंच नाही, हे तिथं शिकले. लग्न झाल्यावर सवय माझ्याबरोबर सासरी आली. शेगडीशेजारच्या भिंतीत एक खिळा, खिळ्याला पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा, गठ्ठ्याला दोरीनं बांधलेलं पेन. काम झालं की पुढे बरोबरची खूण. नवरा घरातून निघताना हमखास विचारायचा, "आज मी कितव्या नंबरावर?"

नवरा बांधकामातला. पेटी ठेकेदार. म्हणजे सरकारी काम मिळणार मोठ्या ठेकेदाराला, फलकावर नाव त्याचं, आणि पाया खणण्यापासून स्लॅबला पाणी मारण्यापर्यंत सगळं करणार आम्ही. तालुक्यातल्या कितीतरी शाळाखोल्या, ओढ्यावरचा एक साकव आणि दोन समाजमंदिरं आमच्या माणसांनी उभी केली. कुठल्याही भिंतीवर आमचं नाव नव्हतं. त्याची खंत आम्ही करत बसलो नाही. काम होतं, माणसं टिकून होती, बस.

दोन हजार पाचच्या आसपास, व्हॅट नवा नवा आला होता तेव्हा, मोठ्या ठेकेदाराने नवऱ्याला बोलावून सांगितलं की या वर्षाचं काम संपलं की पुढची कामं त्याचा भाचा बघेल. भाच्याची स्वतःची टोळी होती. आमची अठरा माणसं मोकळी. नवऱ्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं की मग आम्ही आमच्या नावाने नोंदणी करू. ठेकेदार हसला. माणूस वाईट नव्हता, चहा मागवून हसला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "काम तुम्हाला येतं, ते मी कधी नाकारलं नाही. पण सरकार काम नंतर बघतं. आधी विचारतं, हा माणूस अर्धवट टाकून गेला तर नुकसान कुठून भरून घ्यायचं? तुमच्यामागे उभं कोण आहे?"

नवरा घरी येऊन हे जसंच्या तसं बोलला. मी खिळ्यावरून कागद काढला.

दुसऱ्याच दिवशी मी स्वतः बांधकाम खात्याच्या कार्यालयात गेले आणि खिडकीवरच्या बाबूंना विचारलं, सर्वांत खालच्या वर्गात ठेकेदार म्हणून नाव नोंदवायचं तर काय काय लागतं? ते सांगत गेले, मी लिहीत गेले. चौदा गोष्टी झाल्या. पॅन, व्हॅटचा नंबर, व्यवसाय कराचा दाखला, फोटो, प्रतिज्ञापत्र, हत्यारांची यादी, असं बरंच. पावसाळा संपला की नवी कामं निघतात. तोवर नोंदणी हातात नसेल तर वर्ष वाया, आणि वर्ष वाया गेलं की आमची माणसं पोटासाठी दुसऱ्या टोळ्यांत जाणार, ती काही परत येणार नाहीत. माझ्याकडे तीन महिने होते.

तेरा गोष्टी मी पाच आठवड्यांत उरकल्या. राहिला ऐपतीचा दाखला. ठेकेदार जे विचारत होता त्याचं सरकारी उत्तर म्हणजे हा दाखला. अमुक माणसाकडे इतकी मालमत्ता आहे, इतक्या रकमेपर्यंत तो पत बाळगून आहे, असं तहसीलदार लिहून देतात. आमच्याकडे मालमत्ता होती. सासऱ्यांची गावाकडची जमीन, रस्त्याला लागून. पण सातबाऱ्यावर नावं तीन होती: नवरा आणि त्याच्या दोन बहिणी. तहसील कचेरीतल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, सामाईक जमिनीवर दाखला हवा तर बाकीच्या खातेदारांची लेखी संमती आणा. मी कागदावर लिहिलं आणि निघाले. मला यात काही अवघड दिसलं नाही.

इथं मी चूक केली. आमच्याकडे बहिणींच्या सह्या कशा घेतल्या जातात हे मला माहीत होतं, आणि तरी केली. त्या वर्षांत भिवंडीच्या आसपास गोदामं वाढत होती आणि रस्त्याकडेच्या जमिनीला अचानक भाव आला होता. घराघरांत बहिणींना हळदीला नाहीतर जेवायला बोलवायचं, पान वाढता वाढता कागद पुढे करायचा, आणि हक्क सोडल्याचं लिहून घ्यायचं. बदल्यात एक साडी. थोरल्या नणंदेच्या चुलत बहिणीने असाच अंगठा दिला होता, आणि आपण काय दिलं हे तिला तिथं गोदामाचे पत्रे चढले तेव्हा कळलं.

मी काय केलं? रविवारी दोघी नणंदांना जेवायला बोलावलं. खाडीतल्या निवट्यांचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीभात. स्टॅम्पपेपर टाइप करून टीव्हीवर ठेवलेला. जेवण झालं की पाच मिनिटांत सह्या, आणि दोघी संध्याकाळच्या आत आपापल्या घरी, असा माझा हिशेब.

थोरली नणंद खारबावला दिलेली. नऊवारी लुगडं, चौथीपर्यंत शाळा, पण अक्षर लागलं की वाचल्याशिवाय पुढे जायची नाही. दुकानाची पाटीसुद्धा पूर्ण वाचायची. ती पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेली आणि खिळ्यासमोर उभी राहिली. त्या दिवसाच्या यादीत सातव्या नंबरावर लिहिलं होतं, "झेरॉक्स, सातबारा, तीन प्रती." आठव्यावर, "नणंदांच्या सह्या, दोन."

ती बाहेर आली तेव्हा कागद तिच्या हातात होता.

"वयनी, माजं नाव झेरॉक्सच्या खाली लिवलंस," ती म्हणाली. "नाव पन न्हाय. नणंदा दोन. शिमीट दोन गोनी लिवतात तशा. झेरॉक्स तरी पैशे देऊन काढतंस."

मी समजावायला लागले की हा हक्कसोड नाही, फक्त दाखल्यापुरती संमती आहे. ती म्हणाली, तिच्या चुलत बहिणीलाही असंच काहीतरी फक्त म्हणून सांगितलं होतं. ते ऐकून धाकटीने ताट सरकवलं, कारण धाकटी नेहमी थोरलीकडे बघून ठरवायची. थोरलीने मात्र जेवण पूर्ण केलं. निवट्या वाया घालवणं तिच्या तत्त्वात नव्हतं. मग हात धुऊन दोघी निघून गेल्या. सही नाही.

नवरा माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. एवढंच म्हणाला, "आई शेतावर असायची तेव्हा ताईनं मला कडेवर घेऊन वाढवलंय. माझ्यामागे उभं कोण, असं ठेकेदार विचारत होता ना? ती होती. तिला तू आठव्या नंबरावर टाकलीस."

दुसऱ्या दिवशी मी खारबावला गेले. यादी न घेता. रिक्षात मला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

ती ओटीवर सुकट निवडत होती. बस म्हणाली नाही, उठ म्हणाली नाही. मी समोर बसून सुकट निवडायला घेतली. अर्धं सूप निवडून झाल्यावर मी म्हणाले, "ताई, चूक माझी झाली. सही नको. सल्ला द्या. तुम्हाला भीती वाटणार नाही असा कागद कसा असायला हवा, ते तुम्ही सांगा."

तिने सुपातून एक खडा काढून लांब फेकला.

"पेन हाय का?"

पेन होतं. ते कधी नसतं? कागद नव्हता. तिने नातवाच्या जुन्या वहीचं पान फाडून दिलं.

"लिव," ती म्हणाली.

मी लिहीत गेले. कागद घरात वाचायचा नाही, कचेरीत वाचायचा, आणि तोही कचेरीच्या माणसाने, मोठ्याने. सही सायबाच्या समोर होईल, प्रत्येक पानावर, फक्त शेवटच्या नव्हे. कागदात असं असेल की ही संमती भावाच्या दाखल्यापुरती आहे, दोघी बहिणींचा हिस्सा जिथल्या तिथे आहे, आणि त्यांना विचारल्याशिवाय जमीन कुणाला देता येणार नाही. कागदाची एक प्रत तिच्या ट्रंकेत राहील. मी आयुष्यात पुष्कळ याद्या केल्या. इतकी पक्की एकही नव्हती, आणि ती माझी नव्हती.

शेवटी मी विचारलं, "यात तुमचं नाव कुठे घालू?"

"वर," ती म्हणाली. "पयल्या ओळीत. आख्खं नाव."

आठवड्याने आम्ही चौघं तहसील कचेरीत होतो. दोघी नणंदा लग्नाला निघाल्यासारख्या नटून आल्या होत्या, थोरलीच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा. कचेरीतल्या त्याच बाईंनी कागद मोठ्याने वाचला. एका ठिकाणी थोरलीने त्यांना थांबवून ती ओळ पुन्हा वाचायला लावली. बाईंनी वाचली. मग सह्या झाल्या, साहेबांसमोर, सहा पानं, दोघींच्या मिळून बारा. थोरली एकेक अक्षर कोरत होती आणि मागे रांग वाढत होती. माझ्या हिशेबातली पाच मिनिटं बाजूलाच राहिली, पाऊण तास गेला. साहेबांनी कागद परत चाळला आणि म्हणाले की सामाईक जमिनीची इतकी स्पष्ट संमती त्यांच्याकडे क्वचित येते, कुणी लिहून दिली? मी थोरलीकडे बोट केलं. तिने पदर सारखा केला.

तलाठ्यांचा पंचनामा झाला, दाखला मिळाला, दसऱ्याआधी नोंदणी झाली. नवऱ्याचं नाव ठेकेदार म्हणून छापलेलं मी पहिल्यांदा बघितलं. त्याची झेरॉक्स काढली, दहा प्रती.

दिवाळीनंतर काम निघालं. गणेशपुरीच्या पुढे, डोंगराकडच्या एका पाड्यावर शाळेच्या दोन खोल्या. आम्ही निविदा भरली. तेव्हा दोन लिफाफे असायचे: पहिल्यात कागदपत्रं, दुसऱ्यात दर. पहिल्यात एक कागद जरी कच्चा निघाला तरी दुसरा उघडायचाच नाही, बंदच परत. मेणबत्तीवर लाख वितळवून मी दोन्ही लिफाफे बंद केले. आमच्याकडे शिक्का नव्हता, रुपयाचं नाणं दाबलं.

निविदा उघडायच्या दिवशी थोरली नणंद आमच्या आधी कार्यालयात हजर. तिचा कागद लिफाफ्यात होता, म्हणून ती येणार होती, विषय संपला. मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. पुढे मोठा ठेकेदार आणि त्याचा भाचा. निविदा भरलेले आणखी दोघं होते.

इंजिनियर साहेबांनी आमचा पहिला लिफाफा फोडला, कागद एकेक करून बाजूला ठेवले. ऐपतीच्या दाखल्यावर आले तेव्हा भाचा उठला.

"साहेब, हरकत आहे," तो म्हणाला. "त्या जमिनीत बहिणी आहेत. त्यांना विचारलंय का? उद्या त्या उभ्या राहिल्या तर या दाखल्याला अर्थ काय?"

साहेबांनी दाखल्यामागचा कागद उघडला. त्यांनी तोंड उघडायच्या आधी मागून आवाज आला.

"उद्या कशाला? आजच उभी हाय." थोरली खरंच उभी होती, पिशवीतून तिची प्रत काढत. "इचारलंय मना. पयल्या ओळीत हाय मी. वाचा, सायेब."

साहेबांनी वाचलं. पहिली ओळ, मग हिश्शाची ओळ, मग एकेक पान उलटत सह्या. मग विचारलं, "बाई, ही तुमची सही?" ती म्हणाली, साहीच्या साही पानांवर तिचीच आहे, आणि एखादी मागेपुढे वाटत असेल तर ती समोर करून दाखवते. मोठा ठेकेदार हसू दाबत भाच्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवत होता. साहेबांनी हरकत फेटाळल्याचं लिहिलं आणि आमचा पहिला लिफाफा मान्य केला.

दुसरे लिफाफे उघडले. चार दर वाचले गेले. आमचा सर्वांत कमी, आणि कमी असूनही परवडणारा, कारण हे काम आम्ही इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावाने केलेलं होतं, कुठे काय लागतं ते आम्हाला तोंडपाठ होतं. बाहेर पडताना मोठा ठेकेदार नवऱ्यापाशी थांबला आणि थोरलीकडे बघत म्हणाला, "मिस्त्री, विचारलं होतं मी. उत्तर मिळालं."

अठराच्या अठरा माणसं कामावर आली. पहिला नारळ थोरलीने फोडला. खोल्यांच्या बाहेर फलक लागला, त्यावर नवऱ्याचं नाव होतं, आणि पाड्यावरच्या बायका ते नाव वाचणाऱ्या आमच्या गवंड्यांना हसत होत्या, इतक्यांदा ते वाचत होते.

हमीची मुदत संपायला दोन पावसाळे जायचे होते. दोन्ही पावसाळ्यांत मी स्वतः जाऊन छताखाली उभी राहिले. थेंब नाही. खात्याने अनामत मोकळी केल्याचं पत्र दिलं त्याच दिवशी मी खारबावला गेले आणि थोरलीला सांगितलं की त्या कागदाचं काम झालं, आता ट्रंकेतून काढलात तरी चालेल.

ती सुकटच निवडत होती.

"आता नवं काम धरलंव का?"

धरलं होतं. जरा मोठं, वरच्या वर्गातलं, आणि त्यासाठी नवा दाखला लागणार होता. मी पिशवीतून कागद काढला.

तिने मान वाकडी करून माझं पेन कुठे टेकतंय ते पाहिलं.

"लिव," ती म्हणाली. "आदी मी. मंग झेरॉक्स."