म्हातारीचा पुढचा ब्रेक

माझे सासरे माझ्याशी सगळं बोलायचे, पण बोलायचे ते मोटारसायकलला. पलटणीतून सुटल्यावर मामाजींनी ती जुनी लष्करी गाडी लिलावात घेतली होती, आणि तिला ते ‘म्हातारी’ म्हणत. मी जेवण वाढून दाराआड झाले की अंगणातल्या गाडीकडे बघून ते म्हणत, “म्हातारे, आज भाजीत मीठ कमी हाय वं.” मी मुकाट्यानं मीठ नेऊन ठेवी. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातून देव गेले होते; सासऱ्या-सुनेमधला पदर मात्र राहून गेला होता.

दुष्काळ सरला त्या वर्षी मला मास्तरणीची नोकरी लागली. वाशीमला घर आणि शाळा अनसिंगच्या अलीकडच्या खेड्यात. सकाळची एसटी पोचायची तोवर पहिला तास संपलेला असे. यजमान नोकरीसाठी अकोल्याला. हेडमास्तरांनी आठवड्यातच सांगितलं, “बाई, वेळेवर येणं जमत नसेल तर आम्हाला दुसरी व्यवस्था बघावी लागेल.” मी रडत घरी आले. मामाजींनी अंगणात जाऊन गाडीची टाकी पुसली आणि म्हणाले, “म्हातारे, उद्यापासून मास्तरीनबाईले शाळेत सोडाले जाचं.”

आडव्या आल्या त्या माझ्या सासूबाई. “सून सासऱ्याच्या मांगं बसली तं लोकाईले मी पाहून घेईन,” आत्याबाई म्हणाल्या. “पण तुमच्या गाडीले पुढचा ब्रेक हाय काय? नाल्याच्या उतारावर पोरीले पाडसान. आधी ब्रेक दाखवा, मंग सून न्या.”

म्हणणं खरं होतं. पुढचा ब्रेक नावालाच होता. मागचा ब्रेक आणि बुटाची टाच यांच्या भरवशावर मामाजी इतकी वर्षं सुखानं हिंडत होते. त्या दिवशी मात्र त्यांनी पुढचं चाक उतरवलं. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे शूवरचे लाइनर झिजून रिव्हेटा उघड्या पडल्या होत्या. नुसतं लाइनर बदलून त्यांचं समाधान होईना. भंगारातून ते एका मोठ्या गाडीचा रुंद ड्रम आणि ब्रेकची प्लेट घेऊन आले. जुन्या प्लेटमध्ये एकच शू नीट धरायचा, हिच्यात दोन्ही धरतात, असं त्यांनी मला, म्हणजे गाडीला, समजावलं. ड्रम लेथवर घासून आणला, चाक नव्यानं बांधून घेतलं, शूवर नवे लाइनर ठोकले आणि ते पोत्यावर मांडून केबल आणायला गेले.

केबल आणून दिवेलागणीला घाईघाईनं चाक बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवरच्या नाल्याच्या उतारावर चाचणी झाली. आत्याबाई खाली रस्त्याच्या कडेला हात कमरेवर ठेवून उभ्या, मी त्यांच्यामागे. मामाजी वरून निघाले, नुसता पुढचा ब्रेक दाबला, आणि आमच्यासमोरून तसेच पुढे जाऊन बेशरमाच्या झुडपात शिरले. लागलं नाही, पण चेहरा असा उतरला की मला माझी नोकरीच त्या झुडपात पडलेली दिसली. तिथंच चाक काढलं. लाइनर तेलानं चमकत होते.

“कोनं लावलं हे?”

“मी लावलं,” आत्याबाई म्हणाल्या. “जवसाचं. बंडीच्या आसाले वंगन नाई घालत काय? नवी चीज अशी कोरडीठक्क काहून ठेवली होती तुमी?”

मामाजी रागावतील असं वाटलं होतं. ते गाडीकडे वळले. “म्हातारे, आपली लई काळजी हाय वं हिले,” म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मीही पदरात तोंड घालून हसले. लाइनर फेकून पुन्हा नवे ठोकले. या वेळी आत्याबाईंना तेलाची बुधली माळ्यावर ठेवायला लावून. दुसऱ्या चाचणीत गाडी त्यांच्या पायांपुढे गपकन थांबली. त्या मागं सरकल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, “जाय बाई. पदर खोचून बस.”

पुढे कित्येक वर्षं मी त्या मागच्या सीटवरून शाळेत गेले. नाला आला की मामाजी पुढचा ब्रेक हलकेच दाबत आणि न चुकता म्हणत, “हळू. उतार हाय.” मीही हळूहळू गाडीलाच उत्तरं द्यायला शिकले. मुलं पास झाली, साहेब तपासणीला आले, मला दिवस गेले, हे सगळं मी त्या गाडीला सांगितलं. मास्तरीण म्हणून जी काही झाले ती त्या दोघांच्या जिवावर. पण मामाजींना तोंडावर ‘मामाजी’ म्हणून हाक मी कधी मारलीच नाही.

शेवटच्या आजारात त्यांची खाट ओसरीवर होती. समोर अंगणात म्हातारी उभी. एका दुपारी त्यांचे ओठ सुकलेले दिसले. मी पेला घेऊन गेले आणि दाराआड थांबायचं विसरून त्यांच्या उशाशी बसले.

“मामाजी, पाणी देऊ?”

सवयीनं त्यांची नजर अंगणाकडे गेली. मग ती परत आली आणि माझ्यावर थांबली.

“दे बाई,” ते म्हणाले. “हळू. उतार हाय.”