तळं टीव्हीवर नेताना

तिला सगळे फुंकर म्हणतात. जुन्या गेमची कॅसेट चालेना की लोक आत फुंकर मारतात. ती ओरडते, "फुंकू नका हो, थुंकी उडते, आत गंज चढतो!" सोळा वर्षं ओरडतेय. नाव चिकटलं.

घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. टेबल, दिवा, भिंग, सोल्डरिंगचा वास. कुठलंही यंत्र आलं की ती आधी त्याची पिन बोटांत धरून हलवते. डावीकडे, उजवीकडे, किंचित वर. अर्धी दुखणी तिथेच कळतात. हा हात इतका मुरलाय की घरात दिवा फडफडला तरी तो आधी बटणाकडे जातो.

नवरा मालगाड्यांवर. महिन्यातून चार दिवस घरी. उरलेले दिवस ती आणि सासूबाई.

सासूबाई गेम खेळतात. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी हातातला छोटा गेम दुरुस्तीला टाकून गेलं, ते परत आलंच नाही. सासूबाईंनी "चालतो का बघते" म्हणून उचलला. त्यात एक तळं होतं. मासे पकडायचे, तळ्यात सोडायचे, रोज खायला घालायचं. आता तळ्यात दोनशे बारा मासे आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाला सासूबाईंनी कुणाचं तरी नाव दिलंय.

"हे थोरले दीर. खादाड. दुसऱ्याच्या तोंडातलं पळवतात."

"आणि ही?"

"ही तुझी आई. बघ, सारखं तोंड उघडं."

"आई, तिला कळलं तर?"

"कळू दे की. मासा किती देखणा निवडलाय!"

या वर्षी सासूबाई गेम डोळ्यांसमोर न धरता कानाजवळ धरू लागल्या. फुंकरला आधी गंमत वाटली. मग त्यांनी थोरल्या दिरांच्या तोंडात घालायचं खाणं सलग तीन दिवस तळ्याकाठच्या दगडावर टाकलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मधोमध डाग पडलाय. मधलं दिसणं जाणार, कडेचं राहील. मोठं, ठळक काही असेल तर बघता येईल.

"म्हणजे टीव्ही," फुंकर म्हणाली.

"टीव्हीवर माझं तळं कुठंय?" सासूबाईंनी विचारलं.

त्याच कंपनीचा टीव्हीला लावायचा गेम फुंकरच्या फळीवर पडून होता. हातातल्या गेममधले मासे त्यात नेता येत. दोन्हींच्या मध्ये एक खास तार लागे. ती तार बनणं केव्हाच बंद झालं होतं. फुंकरने एक टोक एका तुटक्या तारेचं घेतलं, दुसरं टोक जुन्या रिमोटचं, आणि मध्ये सहा बारीक धागे जुळवले. आठवडा गेला.

सासूबाईंना तिने एवढंच सांगितलं, "आई, इथले मासे तिथे दिसतील."

एक गोष्ट सांगितली नाही. मासे तिथे उमटत नाहीत, तिथे जातात. एकेक मासा इथून पुसला जातो आणि मग तिथे लिहिला जातो. मधल्या क्षणी तो कुठेच नसतो. तेवढ्यात तार सुटली तर मासा गेला. तिने आधी दुसऱ्या गेमचे तीन मासे नेऊन पाहिले होते. दोन पोचले. तिसरा पोचला नाही. तिने तारेचे सोल्डरिंगचे सगळे टाके पुन्हा घातले, पण पुन्हा करून बघायला तिच्याजवळ मासेच उरले नव्हते.

थांबताही येत नव्हतं. हातातल्या गेमचा पडदा रोज थोडा विझत होता, आणि सासूबाईंचे डोळेही.

रविवारी दुपारी तिने दुकानाचं दार लावलं. तार जोडली. सासूबाई टीव्हीसमोर तिरक्या बसल्या, मान वळवून, कोपऱ्यातून बघत.

"अशी घामेजलीस का? माझं ऑपरेशन आहे का तुझं?"

"गप्प बसा हो जरा."

बटण दाबलं. टीव्हीवर निळं पाणी आलं आणि एक आकडा. एक. दोन. तीन. सासूबाई मोठ्याने मोजू लागल्या. साठ झाले. शंभर झाले. फुंकरचा श्वास आकड्यांच्या मागे धावत होता. एकशे चाळीसला पाणी थरथरलं. एक पांढरी रेघ पडद्यावरून सरकली.

आणि तिचा हात गेला. तारेची पिन धरली. हलवली.

पडदा काळा झाला. मग अक्षरं आली, जोडणी तुटली.

तिने हातातला गेम उघडून आकडा बघितला. एकाहत्तर. टीव्हीवर एकशे चाळीस. तिने बेरीज केली. पुन्हा केली. दोनशे अकरा.

"काय झालं गं?"

"आई, एक मासा गेला." आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "मी पिन हलवली. रेघ आपोआप गेली असती. मी हलवली."

सासूबाईंनी मान टीव्हीकडून तिच्याकडे वळवली.

"इथलाही गेला आणि तिथलाही?"

"हो. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"कोण गेलं?"

"माहीत नाही."

"आणि अजून एकाहत्तर न्यायचेत."

"मी नाही नेणार. माझा हात पुन्हा जाईल. मला थांबवता येत नाही तो."

सासूबाईंनी अंदाजाने हात पुढे केला. तो आधी खुर्चीला लागला, मग तिच्या कोपराला.

"आण इकडे. दोन्ही."

त्यांनी हातातला गेम मांडीवर घेतला, तिचे दोन्ही हात त्यावर ओढून घेतले आणि मनगटं धरली. पकड चांगलीच घट्ट होती.

"मग बटण कोण दाबणार?"

"अंगठा माझा आहे. कुठे ते सांग."

"खाली. अजून. हं."

आकडा पुन्हा एकपासून चालू झाला. या वेळी कुणी मोजत नव्हतं. वीसला रेघ आली. फुंकरची बोटं आपोआप वळली आणि सासूबाईंची नखं तिच्या मनगटात रुतली. रेघ गेली. चाळीसला पुन्हा आली, थांबली, पाणी गोठलं. तिने डोळे मिटले.

"उघड," सासूबाई म्हणाल्या. "चाललंय. मला दिसतंय."

एकाहत्तर झाले.

मनगटं काही वेळाने सुटली. नखांचे आठ ठसे उमटले होते.

पुढचे चार दिवस सासूबाई टीव्हीसमोर बसून एकेक नाव हाकारत होत्या. फुंकर टेबलापाशी काम करत ऐकायची. प्रत्येक नावाआधी तिचं सोल्डरिंग थांबायचं. सासरे सापडले. थोरले दीर सापडले. तिची आई सापडली, तोंड उघडं. ती स्वतःही सापडली. तळ्यात आपण आहोत हे तिला माहीतच नव्हतं.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी टीव्ही बंद केला.

"कळलं कोण ते. नावाचे सगळे सापडले. राहिला तो सगळ्यात पहिला पकडलेला. तेव्हा मला नाव द्यायला येत नव्हतं."

फुंकरने सोल्डरिंगचं आयर्न खाली ठेवलं. "आई, मी..."

"त्याला नाव द्यायचं राहून गेलं माझं," सासूबाई म्हणाल्या. "तेवढी रुखरुख मला पुरे आहे. तू वर तुझ्या चुकीची भर घालू नकोस."

आणि भिंत चाचपत त्या आत गेल्या.