टॉवरला उंबरा नव्हता

आमच्या बिल्डिंगला सोनेरी अक्षरांत भलंमोठं इंग्रजी नाव आहे. ते कुणी घेत नाही. नगरमध्ये कुठल्याही रिक्षावाल्याला नुसतं "टॉवर" म्हणा, तो सावेडीत बरोबर आमच्या गेटाशी आणून सोडतो. पूर्वी इथे लाकडाची वखार होती. ती उठली, खड्डा खणला गेला आणि काम जे थांबलं ते थांबलंच. बिल्डर पळाला म्हणून आवईसुद्धा उठली. मग एकदम बारा मजले उभे राहिले! लोक गाडी थांबवून मजले मोजायचे आणि आकड्यावरून भांडायचे.

पुढून सगळी काच, खाली दोन मजली उंचीची लॉबी, गच्चीवरून किल्ल्याचा गोल खंदक दिसतो. आर्किटेक्ट पुण्याचा. फरशी एका पातळीत हवी म्हणून त्याने एकाही दाराला उंबरा ठेवला नाही. केर काढायला सोपं, म्हणून मी खूश.

सासरे गेल्यापासून सासूबाई गावी, खर्ड्याला एकट्या होत्या. मध्यंतरी न्हाणीत पडल्या आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही. आमच्या ह्यांनी हातापाया पडून त्यांना आणलं. "पंधरा दिस बगते, मग ठरवू," एवढ्यावर त्या आल्या आणि नवव्या मजल्यावर आमच्या दारातच थांबल्या.

"उंबरा कुटं हाय?"

"आई, इथे नसतो."

"नसतो म्हंजी? मग घर कुटनं सुरू हुतं?"

आत आल्या, पण वागणं पाहुण्यासारखं. पिशवीतली लुगडी पिशवीतच.

आठवड्याभराने लिफ्ट बंद पडली. मेकॅनिकने दाराच्या खाचेतून चिमट्याने काय काढावं? तांदूळ! हळदीकुंकवाने माखलेले. सासूबाईंनी बिल्डिंगभर शोधून लिफ्टच्या दारातली स्टीलची पट्टी हाच उंबरा ठरवला होता. आम्ही उठायच्या आत त्या आपल्या पिशवीतल्या हळदीकुंकवाने तिची पूजा उरकत, अक्षता वाहत.

सोसायटीचे चेअरमन भिंगारचे, तिथल्या लष्करी कॅम्पातून रिटायर झालेले. जिने चढून धापा टाकत आले आणि दारातच कडाडले, "लिफ्ट आहे ती, देऊळ नाही!"

"चुकलं बाबा," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवी बांधायला लागल्या. "मला खर्ड्याला सोडा. मला न्हाई जमायचं हितं."

पुन्हा ते रिकामं घर, पुन्हा ती न्हाणी. चेअरमनचा असा राग आला म्हणून सांगू! आणि त्या पुण्याच्या शहाण्याचाही.

"उद्या सोडतो," हे म्हणाले, आणि सकाळी सुतार घेऊन आले. दुपारपर्यंत आमच्या दारात सागवानी उंबरा बसला. सासूबाई कोचावर बसून बघत होत्या. सुतार गेल्यावर उठल्या आणि मला विचारलं, "हळद कुटं ठिवतीस गं?"

संध्याकाळी चेअरमन पेढे घेऊन आले. "काल जरा जास्तच बोललो, आजी," असं म्हणत त्यांनी पाऊल टाकलं आणि ठेच लागून ते थेट कोचावर. पेढे हॉलभर.

सासूबाई पदर तोंडाला लावून खूप हसल्या. सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"हुईल सवय तुमाला," त्या म्हणाल्या. "येत जावा. मी हाय आता हितंच."