इंगोले सरांचं विरजण

शास्त्रज्ञ जातो, त्याचं कार्य जिवंत राहतं. गेल्या महिन्यात अमरावतीत, इंगोले सरांच्या शोकसभेत हे वाक्य चार वक्त्यांनी म्हटलं आणि चौघांनीही ते म्हणून झाल्यावर पाणी प्यायलं. सरांचं कार्य खरोखरच जिवंत होतं, त्यामुळे ते कधी मेलं हेही मला ठाऊक आहे. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दुपारी, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं.

मी त्यांची विद्यार्थिनी. अकोल्याच्या एमआयडीसीत स्टीलचे सुटे भाग नायट्रिक आम्लात धुणारा एक कारखाना आहे, तिथे केमिस्ट. आम्लाच्या टाकीतून पिवळा-तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजनच्या ऑक्साइडचा. टाकीवर तायडेभाऊ उभे असतात आणि खोकतात. सरांनी या धुरासाठी टॉवर बसवला. आत वलगावहून आणलेलं शेणखत, लाकडाचे तुकडे आणि त्यांवर वाढवलेले जिवाणू. धूर थंड करून आत सोडायचा, जिवाणू तो फोडून साधा नायट्रोजन बाहेर टाकणार. खायला त्यांना गुळाचं पाणी... कल्पना उत्तम होती. सर वाईट शास्त्रज्ञ असते तर मला एवढा राग आला नसता.

जिवाणू सांभाळले मात्र मी आणि तायडेभाऊंनी. अकोल्याच्या मे महिन्यात टॉवरला ओली पोती गुंडाळायची, ती वाळली की पुन्हा भिजवायची. तायडेभाऊ टॉवरला म्हैस म्हणत, कारण तिचं खाणंपिणं वेळेवर लागतं. पावसाळ्यापर्यंत धूर दिसेनासा झाला आणि तायडेभाऊ न खोकता सबंध पाळी बोलू लागले. माणूस फार बोलका आहे, हे तेव्हा कळलं.

मग टॉवरच्या उद्घाटनाला मंत्री येणार असं ठरलं. टॉवरला कुजल्या मातीचा वास यायचा. जिवंत वस्तूला येतो. वास कसा घालवता येईल, असं सरांनी मला विचारलं. मी म्हटलं, मारून. माझा टोमणा त्यांनी सल्ला म्हणून घेतला. "ब्लीचिंग टाका. दोन घंट्याचा कार्यक्रम हाये. मंग नवीन विरजण लावू." तायडेभाऊ बादली धरून उभे राहिले, ओतेनात. शेवटी सरांनीच ओतली, सफारीवर थेंब न उडवता.

"म्हैस मारली तुमी, सर," तायडेभाऊ म्हणाले.

सर म्हणाले, शोकसभा कार्यक्रमानंतर घेऊ.

उद्घाटनाच्या दिवशी टाकीच बंद ठेवली होती. मंत्र्यांनी स्वच्छ चिमणीकडे पाहून टाळ्या वाजवल्या, पुढे सरांना पुरस्कार मिळाला. नव्या विरजणासाठी मी तीनदा अमरावतीला गेले. नवं द्यायचं म्हणजे जुनं मेलं असं कबूल करावं लागतं, आणि पुरस्कार मिळालेली वस्तू मरत नाही, असं सरांचं शास्त्र होतं. चौथ्यांदा मी गेले नाही. तायडेभाऊ पुन्हा खोकू लागले होते.

शोकसभा संपल्यावर सरांच्या पत्नी, काकू, मला घरी घेऊन गेल्या. त्यांनी फ्रिजमधून एक बाटली काढली. तिच्यावर सरांच्या अक्षरात आमच्या टॉवरचं नाव होतं. "दर दिवाळीले गुळाचं पानी बदलवत होते. मले हात लावू देत नव्हते," काकू म्हणाल्या. म्हणजे एवढी वर्षं विरजण घरातच होतं... मी शिवी दिली नाही. काकू समोर होत्या.

प्रयोगशाळेत तपासलं तर जिवाणू जिवंत निघाले. तायडेभाऊंना सांगायला गेले तेव्हा त्यांनी खोकला आवरेपर्यंत हात वर करून मला थांबवलं. मग म्हणाले, "मंग टाका ना, मॅडम. काहून थांबल्या?"

मी व्यवस्थापकांकडे गेले. त्यांनी रजिस्टर उघडलं. टॉवर चालू, काम समाधानकारक, खाली रोजची सही. चालू टॉवर चालू करायला परवानगी कशी देणार, असं त्यांनी विचारलं. नोंदी खोट्या असतील तर सही करणाऱ्यानं तसं लिहून द्यावं, म्हणाले. सही माझी होती. एवढी वर्षं, रोज.

अजून लिहून दिलेलं नाही. हे लिहिलंय ते वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी, आणि पुरवणी व्यवस्थापक वाचत नाहीत. बाटली सध्या आमच्या फ्रिजमध्ये आहे, ताकाच्या पातेल्यामागे. घरात कुणाला हात लावू देत नाही.