वळसंगच्या मल्लिनाथाचे ठोके

सोलापूर स्टेशनवर उतरले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. हातात बर्फाच्या पाकिटांचा डबा होता. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी पेशी वाढवण्याचं काम करते. वळसंगच्या मल्लिनाथ नावाच्या तरुणाने दोन वर्षांपूर्वी आम्हाला रक्त दिलं होतं. त्यातल्या पेशींचं रूप पालटून आम्ही हृदयाच्या पेशी तयार केल्या. छोट्या बशीत त्या आपोआप धडधडायच्या. त्याचे वडील आणि काका तरुणपणीच अचानक गेलेले; हृदयाचा दोष घराण्यातच असावा अशी शंका होती, म्हणून आता त्याच्या बहिणीचं रक्त न्यायचं होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "या."

अक्कलकोटकडे जाणारी एसटी वाटेत पंक्चर झाली. दोन्ही बाजूंना वाळलेली तूर, वारा पडलेला, रानात माणूस दिसेना. शेजारच्या म्हातारीने कानडीत विचारलं, "ऊटा आय्ता?" (जेवण झालं का?) मी मान हलवली. तासाभराने गाडी निघाली.

वळसंगच्या स्टँडवर चहावाल्याला मल्लिनाथचं घर विचारलं. कप विसळता विसळता तो थांबला.

"दिवाळीत गेला की तो. वसुबारसेला. दुपारचं मोटार चालू करायला शेतात गेला, तितंच पडला."

मी बाकावर बसले. वसुबारसेला सुट्टी होती, तरी पेशींना खाणं द्यायला मी दुपारी प्रयोगशाळेत गेले होते. वहीत लिहिलं होतं: ठोके नियमित. कालही तेच लिहून निघाले होते.

घराच्या दारात त्याच्या आई, महानंदाबाई, उभ्या होत्या. मला खाली बसवून त्यांनी पहिलं हेच विचारलं, "त्याचं काळीज तुमच्याकडं चालू हाय म्हणत हुता. खरं का?"

"सगळं हृदय नाही. त्याच्या थोड्या पेशी."

"चालू हायत का?"

"आहेत."

मी मोबाइलवर चित्रफीत लावली. राखाडी पातळ थर एका लयीत आक्रसत होता. त्यांनी मोबाइल कानाला लावला.

"आवाज न्हाय याला?"

"नाही."

"खायाला काय घालता?"

"गुलाबी पाणी असतं. त्यात साखर असते."

"कोण घालतंय?"

"मीच. एक दिवसाआड."

त्या उठल्या. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं, आणि माझा शेवटचा घास संपेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. माझ्या हातांकडे बघत होत्या. मी ताटात काही टाकलं नाही.

बहीण भाग्यश्री उंबऱ्यावर बसून होती. मी सुई काढली तशी म्हणाली, "मी गेल्यावर माजं बी असंच चालत ऱ्हाणार का?"

"तुझी इच्छा असेल तरच."

"मग तपासायला घ्या. वाढवू नका."

मी तिच्यासमोर फॉर्मवर तसं लिहिलं, तिची सही घेतली आणि मगच रक्त काढलं.

पुण्यात तपासणी झाली. घराण्यातला तो हृदयाचा दोष तिच्यातही निघाला. सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आणि ती बरी आहे. महानंदाबाईंचा मात्र एक दिवसाआड फोन येऊ लागला. "घातलं का?" मी म्हणायची, "घातलं." फोन बंद व्हायचा.

एका गुरुवारी बशी बघितली तर थर निपचित पडला होता. अशा बशा थांबतातच. त्याच्या पेशी गोठवून ठेवलेल्या कुप्यांतून पुन्हा नव्या तयार करता येतात. संध्याकाळी फोन आला. खोटं बोलणं सोपं होतं.

"आज थांबलं, मावशी."



"परत चालू करता येतंय का?"

"येतं."

"नका करू. दोन डाव गेला तो माजा. आता पुरं."

प्रयोगशाळेच्या सरांना मी महानंदाबाईंचं म्हणणं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. कुप्या मी स्वतः नष्ट केल्या. आयुष्यभर पेशी जिवंत ठेवायला शिकले; त्या कधी थांबवायच्या हे मात्र वळसंगच्या महानंदाबाईंनी शिकवलं.